मी नदी ओलांडली

लुआपुला नदीच्या काठावर मासे वाळत घातले होते. त्या वासाची कसोंदेला आता सवय झाली होती. लुसाकाच्या विद्यापीठात इतिहास घेऊन ती शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रबंधाचं अखेरचं प्रकरण अडलं होतं. "साक्ष नाही तर प्रकरण नाही, आणि प्रकरण नाही तर पदवी नाही," असं मार्गदर्शक बाईंनी निघताना बजावलं होतं.

साक्ष हवी होती म्वेवाची. इथे माणूस मेला की त्याचं नाव घराण्यातल्या कुणीतरी घ्यायचं असतं, आणि नाव घेतलं की त्या नावाचं सगळं आयुष्य आपलं. गावप्रमुख कटुटा म्हातारा कालच म्हणाला होता, "मी पश्चिमेकडून आलो तेव्हा इथे नुसतं रान होतं." गोष्ट दोनेकशे वर्षांपूर्वीची, तो परवाचीच सांगत असल्यासारखा बोलत होता. लोकांना नदीपार आणलं ते त्याच्या बहिणीने, म्वेवाने. पण ते नाव धारण करणारी बाई गेल्या पावसाळ्यात वारली आणि नाव रिकामं पडलं होतं.

"तुमच्याच बहिणीची गोष्ट, आजोबा. तुम्हाला ठाऊक असेलच की."

"आहे ना ठाऊक. पण तिच्या तोंडचं मी कसं बोलू? तुझ्या नवऱ्याशी तुझ्याऐवजी मी भांडू का?"

कसावाचे कंद कांडणाऱ्या बायका खिदळल्या. "आधी मिळू तर दे! पुस्तकांशी लग्न लागलंय तिचं."

कसोंदेने पिशवीतून एका जुन्या सरकारी टिपणाची नक्कल बाहेर काढली. ती वाचून दाखवेल, चुकलं तर त्यांनी सांगावं, एवढंच. "म्वेवा माणसं घेऊन काठावर आली. तिने होडी मागितली..."

बायकांची मुसळं चालूच राहिली.

"ही 'ती' कोण?" कटुटाने विचारलं. "परकी आहे का कुणी?"

सर्वनामच तर बदलायचं होतं. मजकुराला धक्का लागत नव्हता. कसोंदे पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. "मी माणसं घेऊन काठावर आले. मी होडी मागितली. मी नदी ओलांडली."

मुसळं थांबली. बायका चटईवर जवळ सरकून बसल्या. ऊन रणरणत होतं. एका म्हातारीने भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी पुढे केलं. कसोंदे ते घटाघटा प्यायली. ती पिऊन होईपर्यंत म्हातारीने तिच्या मनगटात पांढऱ्या मण्यांचा सर बांधला होता.

"मग?" कटुटाने विचारलं.

"टिपण इथेच संपतं."

"टिपणाला नाही विचारत. तुला विचारतोय, म्वेवा."

"होडी भरली होती," कसोंदे म्हणाली. "चिसेंगा, माझी धाकटी बहीण, वाळूच्या बेटावर उभी होती. होडीचा दोर तिच्या हातात होता. दोर तुटला. पाणी चढत होतं."

कटुटाने डोळे मिटून मान डोलावली.

रात्रभर ती स्वतःला बजावत राहिली: उन्हाने भोवळ आली होती, भिडेखातर काहीतरी रचून सांगितलं. रचलेलं प्रबंधात घालता येणार नव्हतं. उद्या निघायचं. मण्यांचा सर मात्र दातांनीही तुटेना.

सकाळी ती धक्क्यावर आली तेव्हा पैलतीराहून एक छोटी होडी लागली होती. तिच्यात तिशीची एक बाई एकटीच बसली होती; वल्ही तिने काठावर काढून ठेवली होती. तिच्याही मनगटात पांढरे मणी होते.

"ताई," ती हसून म्हणाली. "मी चिसेंगा. आमच्याकडे हे नाव कधी रिकामं राहत नाही."

"मी कसोंदे. लुसाकाहून आलेय. मी फक्त वाचलं."

"दोर तुटला, असं सांगितलंस म्हणे?"

"हो."

"दोर?"

कसोंदेने उत्तर द्यायला तोंड उघडलं. सालीच्या दोराचा ओला चिवटपणा तिला बोटांत जाणवला. मग सुरीच्या पात्याखाली एकेक धागा सुटत गेला.

"तू सोडतच नव्हतीस," ती म्हणाली.

"नाही सोडत."

नदीच्या मध्यावर वाळूचं बेट दिसत होतं, जेमतेम दोन माणसं बसतील एवढं.

मागे रस्त्यावर बसचा भोंगा वाजला.

चिसेंगाने होडीत सरकून जागा केली. "चल ना. तिथवर जाऊन येऊ."

कसोंदे होडीत बसली. काठ दूर जाऊ लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की वल्ही किनाऱ्यावरच राहिली आहेत.