वस्तीला राहिलेले गडी

पुनःप्रवेश मंडळाची कचेरी साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर होती. एक्क्याऐंशीव्या वर्षीही शेवंताबाई माने लिफ्टकडे ढुंकून न बघता जिना चढत. वर पोचल्यावर धाप लागत नसे. ही आईच्या हातच्या बाजरीच्या भाकरीची करामत, असं त्या भेटेल त्याला सांगत.

२०४९ साल होतं. पूर्वी उत्तेजक घेऊन सापडलेला खेळाडू चार वर्षं घरी बसून परत धावायचा. रक्त स्वच्छ झालं की माणूस स्वच्छ, अशी तेव्हाची समजूत. मग केंद्रखूण सापडली. स्नायूच्या एकेका तंतूचं काम शेकडो केंद्रकं चालवतात. औषधाने ती वाढतात, आणि औषध उतरलं तरी तशीच राहतात, आपली वेगळी मांडणी धरून. ती मांडणी म्हणजे केंद्रखूण. मंडळाचे शास्त्रज्ञ डॉ. मुजावर यांनी बाईंना ते सोपं करून सांगितलं होतं. सुगीला गडी आणले, सुगी संपली, पण गडी परत गेलेच नाहीत. वस्ती करून राहिले. पुढच्या सुगीलाही राबणार तेच. म्हणून अशा खेळाडूला परत धावू द्यायचं का, हे आता मंडळावरचे तिघे ठरवत.

आज निकाल होता तो चारशे मीटर धावणाऱ्या प्रणोती खरातचा. मंडळावरच्या दुसऱ्या दोघांची मतं एकमेकांविरुद्ध पडली होती, म्हणून शेवंताबाईंच्या मतावर सगळं अडलं होतं. मागच्या बैठकीत पोरगी म्हणाली होती की सरांनी दिलं ते घेतलं, काय होतं ते ठाऊक नव्हतं. त्यावर बाईंनी विचारलं होतं, "तोंडात काय जातंय हे कळायला शास्त्रज्ञ लागतो होय गं?" सगळे हसले होते.

तुलनेसाठी जुन्या, स्वच्छ खेळाडूच्या स्नायूचा नमुना हवा होता. बाईंनी आपणहून मांडी पुढे केली होती. अठ्ठ्याऐंशी सालचं राज्याचं सुवर्णपदक होतं त्यांच्याकडे.

बैठकीआधी मुजावरांनी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

"बाई, तुमचा नमुना तीनदा तपासला. खूण आहे."

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं बाई म्हणाल्या. मुजावरांनी मान हलवली आणि हळूच विचारलं, तुमचे सर काही द्यायचे का.

नाही म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एक बाटली आली. सरावानंतर घाडगे सर सगळ्यांना सोडून फक्त त्यांना चमचाभर तपकिरी टॉनिक द्यायचे. कडू जहर. वर गुळाचा खडा. बाटलीवरचं लेबल ब्लेडने खरवडलेलं. त्या वर्षातलं सगळं त्यांना आठवत होतं. मैदानावरचे फक्कीचे पट्टे, हौसा जगतापची लाल रिबीन. पदकाच्या शर्यतीत हौसा अर्ध्या पावलाने मागे राहिली, त्याच वर्षी तिचं लग्न झालं, नंतर ती कधी धावली नाही. गुळाची चवसुद्धा आठवत होती. आपल्याला ठाऊक होतं का, एवढंच काही केल्या आठवेना.

"मग हा जिना कोण चढतंय, मुजावर? मी, का ते गडी?"

"खूण दिसते बाई. पण कुठल्या पावलात कुणाचं बळ, ते नाही सांगता येत." मग ते म्हणाले, "अहवालात तुमचं नाव घालू, का नुसता क्रमांक?"

बाई म्हणाल्या, "बघते."

बैठकीत त्यांनी प्रणोतीला एवढंच विचारलं, "बाटलीवर लेबल होतं?"

"खरवडलेलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"जिंकत होते, आजी."

या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंनी कागदावर 'नको' लिहिलं. खोडलं. ही परतली तर आणखी एखादी हौसा अर्ध्या पावलाने मागे राहणार. नाही परतली तर? शेवटी त्यांनी 'धावू द्यावं' असं लिहिलं आणि कागदाची घडी केली. माफी पोरीला दिली की स्वतःला, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

त्या जिना उतरून खाली आल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. तिन्ही मजले भराभर पुन्हा चढल्या. वर कठड्याला धरून, छातीवर हात ठेवून, धाप लागण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

धाप लागली नाही.