व्हरमाँट वेगळं राहिलं

ऑरिन बॅस्कमच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: व्हरमाँटमधली आणि टाकाऊ. व्हरमाँटमधलीही बरीचशी टाकाऊच निघत, पण ती निदान तोंड मिटून असत. हार्लो गावात त्याच्याइतक्या गाई कुणाकडे नव्हत्या, त्याच्याइतकी सडेतोड जीभ तर नव्हतीच. निवडणूक आली की मतपेटीवर देखरेख करायचा मान बापापासून त्याच्याच घरात होता.

एकोणीसशे छत्तीस सालच्या नोव्हेंबरात देशाच्या अध्यक्षाची निवडणूक झाली तेव्हाही पेटीपाशी तोच होता. गावच्या हॉलमधली शेगडी धगधगत होती, ओल्या लोकरी कोटांचा वास कोंदला होता, चर्चच्या बायका डोनट तळत होत्या. एकेक जण घडी घातलेली मतपत्रिका पुढे करी आणि ऑरिन ती कुणाचा तरी वापरलेला रुमाल घ्यावा तशी चिमटीत धरून पेटीत सोडी. पुन्हा उभ्या राहिलेल्या अध्यक्षाबद्दल त्याचं मत साऱ्या गावाला पाठ होतं: लोकांना फुकट जेवायला शिकवणारा माणूस. त्या माणसाला हार्लोत कुणी मत देईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी मोजणी झाली, आणि एक मत त्या माणसाला निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव एसाहेल पाइकच्या दुकानात रेडिओभोवती जमलं. अख्खा देश त्या अध्यक्षाच्या मागे वाहून गेला होता. नदीपलीकडचं न्यू हॅम्पशायरसुद्धा. विरोधात उरली होती दोनच राज्यं, व्हरमाँट आणि मेन. पाइकने रेडिओचा आवाज कमी केला. ऑरिन मात्र खुशीत होता.

"छान झालं," तो म्हणाला. "देश गेला खड्ड्यात. आपण त्यांच्यात नाही. आजपासून ते आपले कुणी नाहीत, आपण त्यांचे कुणी नाही."

माणसं हसली. एक-दोघांनी टाळ्याही दिल्या.

घरी आल्याबरोबर त्याने आपल्या गड्याला, तेलेस्फोरला, कामावरून काढलं. तेलेस्फोर सीमेपलीकडच्या क्वेबेकहून आलेला, त्याला मताचा हक्कच नव्हता. हे ऑरिनला पक्कं माहीत होतं. पण असले लोक सीमा ओलांडून येतात, येताना तिकडची हवा घेऊन येतात, कुणाचं तरी डोकं यानेच फिरवलं असणार, असं त्याने गोठ्याच्या दारात सगळ्यांदेखत सुनावलं. तेलेस्फोरने टोपी डोक्यावर ठेवली आणि नदीवरचा पूल ओलांडून तो निघून गेला.

त्यानंतर दूध नेणारी आगगाडी गावात थांबली नाही.

स्टेशनचंही काम बघणाऱ्या पाइकने फलाटावरून झेंडी दाखवली होती. चालक सफरचंद खात सरळ समोर बघत होता. कोळसा टाकणाऱ्याची नजर फलाटावरून, माणसांवरून, दुधाच्या कॅनवरून फिरली आणि रिकाम्या शेतावरून फिरावी तशी पुढे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. ऑरिनने दूध डुकरांना घातलं. हा सूड आहे, तो म्हणाला, हरलेल्यांना जिंकलेल्यांनी दाखवलेली मग्रुरी. त्याने टेलिफोन उचलला. पलीकडच्या एक्स्चेंजमधली मुलगी "हॅलो, हॅलो" करत राहिली. तो ओरडून आपलं नाव सांगत असताना ती शेजारणीला म्हणाली, "लाइनवर कुणी नाही गं."

बायको अल्मायराही आताशा त्याला उत्तर देईनाशी झाली होती. ते मात्र त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या उत्तरासाठी तो कधी थांबलाच नव्हता.

मग पाइकच्या रेडिओवर पुन्हा निवडणुकीची बातमी लागली. निवेदकाने शांतपणे सांगितलं की एक मेन सोडलं तर अध्यक्ष सगळी राज्यं जिंकले; व्हरमाँटचं त्याने नावही घेतलं नाही. पाइकने बटण बंद केलं. त्या दिवशी दुकानात कुणी देशाला नावं ठेवली नाहीत.

अल्मायराचं हृदय अशक्त होतं आणि तिचे औषधाचे थेंब संपत आले होते. औषधवाला होता नदीपलीकडे. ऑरिनने ट्रक काढला आणि लाकडी छपराच्या पुलावरून तो पलीकडच्या गावात गेला.

दुकानात औषधवाला गोळ्या वळत होता. ऑरिनने औषधाचं नाव सांगितलं. औषधवाल्याने मान वर केली ती ऑरिनच्या मागे उभ्या असलेल्या बाईसाठी. ऑरिन संतापला. असली वागणूक तो इतरांना देत असे, त्याला ती कुणी दिली नव्हती. त्याने काउंटरवर मूठ आपटली. बरण्या हलल्या. औषधवाल्याने एक बरणी हाताने सावरली.

"रस्त्यावरून अवजड गाड्या जातात हल्ली," तो बाईला म्हणाला.

ऑरिन बाहेर आला. पायरीवर तेलेस्फोर बसला होता. त्याला इथल्या लाकूड गिरणीत काम लागलं होतं. त्याने वर पाहिलं आणि धुरातून पाहावं तसे डोळे बारीक केले.

"मालक? तुम्हीच ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच ऑरिनला त्या माणसाचा आवाज बरा वाटला. तरी त्याने विनंती केली नाही, हुकूमच सोडला. "आत जा. अल्मायराचे थेंब घे. हा मूर्ख माझं ऐकत नाही."

"बाईंसाठी आणतो," तेलेस्फोर म्हणाला.

ऑरिन त्याच्या मागोमाग पुन्हा आत गेला. तेलेस्फोरला लगेच औषध मिळालं. निघताना त्याने ऑरिनसाठी दार धरून ठेवलं.

"दार लाव रे," औषधवाला म्हणाला. "गार वारा येतोय. कुणाची वाट बघतोस?"

ऑरिनने त्याला ट्रक चालवायला फर्मावलं. पूल येईपर्यंत तो गिरणीबद्दल बोलत होता. पुलाच्या अंधारात शिरल्यावर त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. बाहेर उजेडात आल्यावर त्याने ते पुरं केलं नाही. तो शीळ घालू लागला.

"तेलेस्फोर," ऑरिन म्हणाला. त्याने त्याला नावाने हाक मारली ती तेव्हाच.

तेलेस्फोरने शेजारची काच वर घेतली आणि कोटाची कॉलर उभी केली.

घर आलं. तेलेस्फोरने दार वाजवलं. अल्मायराने उघडलं. शाल पांघरलेली, ओठ निळसर, पण चेहरा टवटवीत. ऑरिन तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता.

"एकटाच आलास?" तिने विचारलं.

तेलेस्फोरने मागे वळून पाहिलं. अंगणात ट्रक होता. तो कुणाचा, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेला.

"एकटाच, बाई."

ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ऑरिन मागोमाग आत गेला. तिने थेंब पाण्यात घालून घेतले, चुलीवरची कॉफी खाली उतरवली, सफरचंदाचा केक कापला.

"एका मतापायी माझं काम गेलं," तेलेस्फोर म्हणाला. "मी दिलंच नव्हतं ते."

"ते माझं होतं," अल्मायरा म्हणाली. "मला बरं वाटलं देऊन."

ऑरिन तिच्या नावाने ओरडला. खिडकीवरचा पडदा किंचित हलला.

"तुला काढलं कुणी?" तिने विचारलं.

तेलेस्फोर आठवू लागला. मग त्याने खांदे उडवले.

अल्मायराने टेबलाच्या मुख्य जागेची, हात असलेली खुर्ची ओढली आणि शालीच्या टोकाने पुसली.

"इथे बस," ती म्हणाली. "ही कुणाचीच नाही."