माफीच्या पेठेतले माग

इरम्मा बैलगाडीतून उतरली आणि सरळ महारुद्र तेरकरांच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या लुगड्यावर राखेचे डाग होते.

"आमचे माग जाळले, साहेब," ती म्हणाली. "काल भर दुपारी. गोरोबाकाका माग बाहेर काढायला आत गेले, दोन्ही हात भाजले. आता गावातल्या बाया महांतप्पाचे जुगाराचे तंबू पेटवायला निघाल्यात. तुमी येता का?"

१९४५ चा वैशाख होता. तीन वर्षांपूर्वी वरिष्ठांनी एक पंचनामा फाडायला सांगितला, तेव्हा महारुद्रांनी निजामाच्या पोलिसातली अमीनकी, म्हणजे फौजदारकी, सोडली होती. पोलीस ज्या तक्रारी लिहून घेत नसत, त्या घेऊन लोक तुळजापुरात त्यांच्याकडे येत. महारुद्रांनी टोपी घातली. त्यांचे मित्र बलभीम मास्तरही नेहमीप्रमाणे गाडीत चढले.

तामलवाडीपलीकडची ती पेठ जहागिरीतली. तिथं येणाऱ्या मालाला करोडगिरी माफ, म्हणजे जकात नाही, आणि जुगाराला परवाना. सोलापूरकडचे शौकीन सरहद्द ओलांडून तिथं येत. गावातली प्रत्येक खोली, खाणावळ आणि टांगा त्यांच्यावर चाले. गेल्या साली पटकीच्या साथीमुळे तीन महिने रस्ता बंद झाला आणि गावात चुली पेटेनाशा झाल्या.

"तवाच ठरवलं," इरम्मा म्हणाली, "की दुसऱ्यांच्या पत्त्यांवर पोरं जगवायची न्हाईत. गोरोबाकाकांनी तीन माग उभे केले. चाळीस जणी शिकलो. परवान्याचं सूत दुकानदार शरणप्पाशेठनी मिळवलं, बारा गाठी. मागच्या खोलीत कुलपात होत्या. किल्ली त्यांच्यापाशी. समद्या जळाल्या."

"काल सकाळी काय काम चाललं होतं?"

"माझ्या मागावर पदर धरला. हिरवं सूत संपलं म्हणून लाल घातलं. काकांना इचारून. दुपारी जेवायला गेलो आन् धूर दिसला."

"शेठ कुठं होते?"

"परवाच धाराशिवला गेले, कचेरीच्या कामाला. आज येणार."

पेठेत पोचल्यावर महारुद्रांनी आधी मागांची जळालेली पडवी पाहिली. काठीनं राख उकरली. धोट्यांची लोखंडी टोकं निघाली, खिळे निघाले, कुलूप निघालं. मागच्या खोलीतली राख त्यांनी दोनदा उकरली. हाताला काहीच लागलं नाही.

"सूतच ते," मास्तर म्हणाले. "जळून जाणारच."

महारुद्रांनी कुलूप उचलून पाहिलं. ते तसंच बंद होतं.

जुगाराचा ठेका घेतलेला गुत्तेदार महांतप्पा तंबूच्या दारात बसला होता. समोर बाया उभ्या होत्या, पण त्यानं जागा सोडली नव्हती.

"म्या कशाला जाळू?" तो म्हणाला. "चार लुगडी विणल्यानं माझं गिऱ्हाईक कमी होतंय व्हय? या बायांना दोन पैसे मिळाले तर त्यांचे नवरे माझ्याकडंच येतील."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "महारुद्रराव, हाच माणूस."

"माणूस निलाजरा आहे," महारुद्र म्हणाले. "त्यानंच आग लावली असं त्यावरून ठरत नाही."

मग ते गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीत, फिरले. घरोघरची जमिनीतली पेवं चैत्रात जोंधळ्यानं भरून लिंपलेली होती. उन्हानं त्यांच्या तोंडावरच्या लिंपणाला भेगा पडल्या होत्या. शरणप्पाच्या दुकानामागच्या पेवाला भेग नव्हती. महारुद्रांनी नख लावलं, ते आत रुतलं.

"शेठ जोंधळा काढायला लागले वाटतं," मास्तर म्हणाले.

दुपारी शरणप्पाचा टांगा नाक्यावर थांबला. त्याला गावातलं कुणी भेटण्याआधीच महारुद्र पुढं झाले.

"आगीचं वाटेत एका परगावच्या गाडीवानाकडून कळलं," शरणप्पा म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "घात झाला हो. इरम्माचा तो लाल पदर डोळ्यांपुढून हलत नाही. चाळीस घरांच्या तोंडचा घास गेला. त्या महांतप्पाला सोडू नका."

"सोडणार नाही कुणालाच," महारुद्र म्हणाले. "चावडीवर चला."

चावडीवर सगळं गाव जमलं. तालुक्याहून आलेले अमीनसाहेबही होते. ते उठले आणि त्यांनी शरणप्पाला बसायला खुर्ची दिली.

"गिरणीच्या सुताच्या गाठीला लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात," महारुद्रांनी सुरुवात केली. "बारा गाठी जळाल्या. सूत जळेल, लोखंड जळत नाही. राखेत धोट्याची इवलीशी टोकं सापडली, पट्टी एकही नाही. म्हणजे आगीआधीच गाठी तिथून हलल्या होत्या. कुलूप शाबूत आहे. किल्ली एकाकडेच."

"किल्ली कुणी चोरली असंल," शरणप्पा म्हणाला.

"मग लाल पदर कुणी सांगितला? पेठेतली सगळी लुगडी हिरव्या पदराची. लाल सूत काल सकाळीच घातलं. तुम्ही परवा गेलात आणि आज मला भेटण्याआधी गावातल्या कुणाशी बोलला नाहीत. परगावच्या गाडीवानाला पदराचा रंग कुठून ठाऊक? माग जळण्याआधी तो पदर पाहायला तुम्ही काल दुपारी त्या पडवीत असायला हवं. काल रात्री शेवटची गाठ पुरून तुम्ही पेव लिंपलंत. ते अजून ओलं आहे."

गावातल्या दोघांनी जाऊन पेव फोडलं. पट्ट्यांसकट बारा गाठी निघाल्या.

मास्तर सुन्न झाले. "पण परवाना तर यांनीच मिळवला."

"सूत मिळवण्यासाठीच," महारुद्र म्हणाले. त्यांचा आवाज आता चढला होता. "लढाईमुळे सूत मापानं मिळतं. विणकर बायांच्या नावावर ते माफीच्या पेठेत विनाजकात आणायचं आणि सोलापूरला चोरून विकायचं. माग चालू राहिले तर सुताचा हिशेब द्यावा लागला असता. म्हणून माग जाळायचे. आळ घ्यायला महांतप्पा आहेच. त्याचा धंदा वाईट खरा, पण तो उघड्यावर बसतो. तुम्ही या बायांच्या आशेचाच धंदा केलात."

शरणप्पानं मान वर केली. "हे गाव जुगारावरच जगणार. चार दिवसांनी यांनीच माग मोडून चुलीत घातले असते."

"ते आमी ठरवलं असतं," इरम्मा म्हणाली. "तुमी न्हाय."

अमीनसाहेब खाकरले. "शेठ वजनदार आहेत. माल तर मिळाला. समज देऊन मिटवू."

महारुद्र चावडीच्या पायरीवर बसले. "पंचनामा लिहा. लिहीपर्यंत मी इथून हलत नाही."

इरम्मा त्यांच्याशेजारी बसली. मग एकेक करून सगळ्या बाया येऊन बसल्या. शरणप्पाच्या टांग्याला वाट राहिली नाही. ऊन कलंडलं तरी कुणी उठलं नाही.

शेवटी अमीनसाहेबांनी घाम पुसला, कोरा कागद पुढं ओढला आणि टाक दौतीत बुडवला.