वाढ नाही

जखमांतल्या जंतूंवर नवी औषधं तपासायची, हे माझं काम. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, वर औषधाची टिकली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू मरून किती मोठं वर्तुळ पडलंय ते पट्टीने मोजायचं. बहुतेकदा वर्तुळ नसतंच.

दादाच्या पोटरीत पत्रा घुसला त्याला दोन महिने झाले होते. असतील नसतील ती औषधं देऊन झाली. "पाय काढावा लागेल," सर्जन म्हणाले. त्याच्या जखमेतले जंतू मीच बशीत पसरले. सतरा नंबरच्या टिकलीने बशी काठापर्यंत साफ केली. सर्जननी रीतसर परवानगी काढली आणि सतराचं मलम सुरू झालं.

चौथ्या दिवशी पू थांबला, वास गेला. वहिनीने माझे दोन्ही हात धरले. "वन्सं, पाय वाचवलात तुम्ही."

"आता नाच म्हणू नका म्हणजे झालं," दादा म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. पुन्हा नमुना घेतला. बशी कोरी. अहवालात लिहिलं : वाढ नाही.

पण जखम भरेना. महिना झाला तरी कडा आत्ताच कापल्यासारख्या लाल. मी त्याच्या तळहाताचा नमुना घेतला, मग तोंडातला. जिवंत माणसाच्या तोंडात जंतू नाहीत असं होतच नाही. तीनदा केलं. तिन्ही बश्या कोऱ्या.

"तुमचं काहीतरी चुकतंय," सर्जन म्हणाले. चुकत असावं असं मलाही फार वाटत होतं.

मलम बंद केलं. तीन आठवडे गेले, फरक नाही.

रविवारी सकाळी त्याच्याकडे गेले. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं होतं.

"बुधवारचं आहे," वहिनी म्हणाली. "फ्रीज बिघडलाय. पण नासतच नाही."

दादा खिडकीशी बसला होता. गाल गुळगुळीत.

"रोज दाढी करतोस?"

"मलम लागल्यापासून केलीच नाही."

मी त्याचा हात घेतला. उबदार होता. नाडी ठीक.

"दुखतं?"

"काहीच होत नाही गं. भूकसुद्धा लागत नाही."

तेवढ्यात सात वर्षांची भाची येऊन माझ्या मांडीवर बसली.

"आत्या, माझा दात बघ ना. पडून कित्ती दिवस झाले!"

"बाबांच्या कुशीतच झोपते रोज," वहिनी हळूच म्हणाली.

मी तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं. हिरडी मऊ, सपाट होती. खाली काहीच लागलं नाही.