सात जणींची विश्रांती

तेजल घोरपडेला ताप आला त्या सकाळी तिनं सगळ्यांत आधी माफी मागितली. प्रबंधाचा शेवटचा महिना, बाकीच्या मुली प्रयोगशाळेत निघालेल्या आणि ती पांघरुणात. मग तिलाच एक तोडगा सुचला.

"मी पडलेच आहे, तर तुमच्या पट्ट्या माझ्या हाताला लावा," ती वसतिगृहाच्या खोलीतल्या शलाकाला म्हणाली. "माझ्या लोळण्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे."

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातला एक संशोधक मुलगा कामाच्या टेबलावरच कोसळला, तेव्हापासून विसावापट्टी सक्तीची झाली होती. दंडावर चिकटवायची ही बोटभर पट्टी नाडी, ताप आणि हालचाल टिपून रेक्टरच्या कार्यालयाला कळवायची. आदल्या दिवशी सहा तासांच्या विश्रांतीची नोंद नसेल, तर बोटाचा ठसा देऊनही प्रयोगशाळेचं दार उघडत नसे. पट्टी कुणाच्या अंगावर होती, हे मात्र दाराला कळत नव्हतं.

शलाका मेश्रामनं आपली पट्टी तेजलच्या दंडावर चिकटवली. मजल्यावरच्या आणखी पाच जणी आल्या. "कुंभकर्णाचा ठेका मिळालाय तुला," एकीनं चिडवलं. तेजल हसली. सकाळपासूनचा ओशाळेपणा तिच्या चेहऱ्यावरून पहिल्यांदाच गेला.

दुपारी तीन वाजता रेक्टर सोनटक्के मॅडम धापा टाकत प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या फोनवर सात नावं लाल झाली होती. साऱ्यांचा ताप एकशे पाच, नाडी दीडशेच्या वर. त्यांतल्या सहा जणी समोर ठणठणीत उभ्या होत्या. यंत्रच बिघडलंय, असं म्हणत मॅडमनी हुश्श केलं आणि इशारा बंद करून टाकला.

शलाकानं त्या यादीत आपलं नाव वाचलं. तो ताप कुणाचा, हे तिला लगेच कळलं. बाकीच्या पाच जणींनी माना खाली घातल्या. खरं सांगितलं तर सहाही जणींना प्रयोगशाळा बंद होणार होती. आणि शलाकानं सहा आठवडे वाढवलेल्या पेशींचं रीडिंग यायला चार मिनिटं उरली होती.

तिनं रीडिंग घेतलं, वहीत उतरवलं. मग म्हणाली, "मॅडम, यंत्र ठीक आहे. सातही पट्ट्या तेजलच्या हातावर आहेत."

तेजल वाचली. ताप मेंदूपर्यंत पोचला होता. डावा हात हलत नव्हता आणि तो कधी हलेल, हे डॉक्टर सांगत नव्हते. सहा जणींना प्रयोगशाळा सहा महिने बंद झाली.

चौथ्या दिवशी शलाका इस्पितळात गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, ती चार मिनिटंसुद्धा. तेजलनं शांतपणे ऐकून घेतलं.

"रीडिंग नीट आलं ना?"

"आलं."

"मग बरं," म्हणून तेजलनं डोळे मिटले आणि पडून राहिल्याबद्दल पुन्हा एकदा माफी मागितली.

शलाका उशाशी बसून राहिली. रीडिंग सोडून ती धावत आली असती, तर तेजलनं तिला माफ केलं असतं का?