मुका तानपुरा आणि कोरडी नळी

संध्याकाळी गुंजणारा तानपुरा सकाळी मुका होतो, म्हणजे रात्रीतून त्याला होतं तरी काय?

हा प्रश्न झेबाला पडला तो श्रावणात. तिचे आजोबा इब्राहिमआबा मिरजेतले सगळ्यात जुने जवारी काढणारे. जवारी काढायची म्हणजे तानपुऱ्याची तार जिच्यावर टेकते त्या घोडीला (तारांखालच्या लहानशा पाटाला) कानशीने इतका बारीक उतार द्यायचा, की छेडलेली तार तिच्यावर अलगद घासत गुंजत राहावी. उतार केसभर चुकला की तार नुसती ठण्ण वाजते आणि गप्प होते. हे काम कानानेच करायचं, आणि आबांच्या कानावर सगळ्या मिरजेचा भरवसा होता.

पण पाऊस लागल्यापासून आबांचं काही जमेना. तानपुरा मनासारखा लागला की ते घरी जायचे, आणि सकाळी येऊन छेडावा तर आवाज बसलेला. पुन्हा कानस, पुन्हा तेच. पुण्याच्या एका गायिकेकडून तर एक तानपुरा दोनदा परत आला. दुसऱ्यांदा आला त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

"मन्सूर, माझा कान गेला बघ," ते पुतण्याला म्हणाले. "हा महिना सरला की माझी बैठक तू घे. कानशी पण घेऊन जा."

 मन्सूरचाचांनी मान खाली घातली आणि ते सितारीची खुंटी उगाच फिरवत राहिले. झेबाला रडू आवरेना. अकरा वर्षांच्या तिच्या आयुष्यात आबा कामावर गेले नाहीत असा दिवस तिने पाहिलेला नव्हता. कानस हातात नसलेले आबा कसे दिसतील, हे तिला डोळ्यांपुढे आणताच येईना.

ही गोष्ट ज्या काळातली आहे, त्या काळात मिरजेचा उन्हाळा फारच चढला होता. जुन्या गल्लीतल्या पत्र्याखाली सरस वाळायच्या ऐवजी वितळायचा आणि जोडलेला भोपळा हातात यायचा. शेवटी सगळ्या कारागिरांनी मिळून तीन मजली तंतुवाद्य भवन बांधलं. खाली दुकानं, वर कारखाने, आणि सगळ्यांना मिळून एकच वातानुकूलन यंत्रणा (इमारतीतली हवा हवी तशी राखणारी यंत्रं). यंत्रणा जोरदार होती. उन्हाळा कुठच्या कुठे पळाला आणि जो तो खूश झाला.

ही यंत्रणा तपासायला दर ऋतूत एक यंत्रमानव यायचा. उंचीला झेबाच्या कमरेएवढा, पायांच्या जागी चाकं, आणि हवा हुंगायला हत्तीच्या पिल्लासारखं एक लांब नाक. प्रश्न विचारून भंडावून सोडायचा म्हणून पोरांनी त्याचं नाव चौकस ठेवलं होतं. त्या दिवशी डोळे पुसत झेबा गच्चीवर गेली तेव्हा तो तिथे होताच.

"झेबाताई, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय. गळती आहे का?"

"गळती नाही, रडतेय मी," झेबा फणकारली, आणि मग तिने त्याला सगळं सांगून टाकलं.

चौकसने नाक वर केलं. "कान गेला की नाही हे मला कळत नाही. पण तानपुरा तोच, घोडी तीच, तार तीच. मग रात्रीतून बदलतं काय?"

"काहीच नाही. खोलीला कुलूप असतं."

"कुलूप लावलं तरी हवा आत असतेच की."

झेबा विचारात पडली. बोलता बोलता तिची नजर शेजारच्या इमारतीवर गेली. मिरजेत दर दोन घरांआड दवाखाना. शेजारी होती डॉक्टर वैशंपायनबाईंची रक्त तपासायची लॅब. तिथल्या एसीच्या नळीतून टप टप पाणी पडत होतं आणि खाली ठेवलेली बादली काठोकाठ भरली होती. झेबाने वाकून आपल्या यंत्राची नळी पाहिली. ती तर लॅबच्या नळीच्या तिप्पट जाड. पण कोरडी ठणठणीत! तोंडाशी चक्क कोळ्याने जाळं विणलं होतं.

"चौकस, एवढंसं यंत्र बादलीभर पाणी काढतं आणि आपलं धूड एक थेंब काढत नाही?"

"उत्तम प्रश्न," चौकस म्हणाला. "एक तांब्या आणा. बर्फाचं पाणी भरून."

झेबा खालच्या दुकानातून तांब्या घेऊन आली. दोघं तांब्यासमोर बसले. आधी काही झालं नाही. मग तांब्याची चकाकी गेली आणि धुरकट थर आला. बऱ्याच वेळाने त्या थराचे थेंब झाले, थेंब एकमेकांत मिसळले आणि ओघळले.

"हे पाणी तांब्यातून आलं का?" चौकसने विचारलं.

"छे! हवेतून आलं."

"बरोबर. हवेत न दिसणारं पाणी असतं, वाफेच्या रूपात. त्याला आर्द्रता म्हणतात (हवेतली ओल). गरम हवेत पुष्कळ वाफ मावते, थंड हवेत कमी. हवा थंड करत गेलं की एका ठरावीक थंडाव्याला वाफ मावेनाशी होते आणि थेंब होऊन बाहेर पडते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात (ज्या तापमानाला दव पडू लागतं ते). एसीच्या पोटात गार नळ्यांची जाळी असते. म्हणजे असे शेकडो तांबेच समजा. हवा तिच्यावरून जाते, गार होते आणि आपलं पाणी तिथे सोडते. ते पाणी नळीतून बाहेर."

"म्हणजे एसी दोन कामं करतो. हवा गार करतो आणि हवेतलं पाणी काढतो."

"हो. पण दोन्ही कामांना सारखा वेळ लागत नाही. तांब्या आठवा. गार लगेच लागला, पण थेंब ओघळायला?"

"किती वेळ बसलो आपण!"

"आता तुमचं यंत्र पाहा."

तेवढ्यात यंत्र घरघरत सुरू झालं. झेबा डोळे रोखून बघत राहिली. जाळीवर धुरकट थर आला, बारीक बारीक थेंब धरले, आणि ते ओघळणार एवढ्यात यंत्र बंद पडलं. खोल्या चोवीस अंशांना आल्या होत्या, त्याचं काम झालं होतं. मग जाळी हळूहळू कोमट झाली आणि तिच्यावरचं पाणी सुकून हवेतच परत गेलं.

"अरे!" झेबा उठून उभी राहिली. "हे तर फार मोठं आहे! झटकन गार करतं आणि झोपतं. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही."

"मे महिन्यात मिळतो," चौकस म्हणाला. "तेव्हा ते दिवसभर चालतं, आणि हवाही कोरडी असते. पावसाळ्यात बाहेर फारसं उकडत नाही, म्हणून ते थोडंसंच चालतं. ओल आतच राहते. शिवाय हवा गार झाल्यामुळे तीच ओल तिला जास्त होते. त्यापेक्षा उबदार खोली बरी."

झेबाला जुनी गल्ली आठवली. पावसाळ्यात आबा टांगलेल्या तानपुऱ्यांखाली शेगडी ठेवायचे. इथे चोवीस अंशांचा आकडा भिंतीवर झळकायचा आणि तो बघून सगळे निर्धास्त. शेगडीची आठवण कोण काढणार? लाकूड मात्र रात्रभर ओल पीत होतं. तारांखालची तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडाची पातळ फळी) फुगत होती, घोडी उचलली जात होती आणि आबांनी दिलेला उतार बिघडत होता.

"तुला ओल दिसत नव्हती?" तिने रागाने विचारलं.

"दिसत होती. पण यंत्र निवडताना भवनाच्या कारागिरांच्या समितीने मला दोन अटी घातल्या होत्या. खोल्या चोवीस अंशांवर हव्यात, आणि आवाज नको. ओलीबद्दल कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. आवाज नको म्हणून मी सगळ्यात मोठं यंत्र सुचवलं. मोठं यंत्र पटकन काम उरकून गप्प बसतं."

"आवाज नको असं कोण म्हणालं?"

"समितीतले सगळ्यात वडील सभासद. इब्राहिमआबा."

 कान गेला नाही हे आबांना सांगायचं, तर बाकीचंही सांगावं लागणार. आबांनी मागितलेल्या शांततेनेच सगळ्या भवनाचं काम बिघडवलं होतं! कोणतं ऐकून त्यांना जास्त लागेल, हे झेबाला ठरवता येईना.

आधी खात्री तरी करावी म्हणून ती वैशंपायनबाईंकडे गेली. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या ठेवायच्या खोलीत लहानसं यंत्र रात्रंदिवस चालू असायचं. पुण्याहून परत आलेला तानपुरा तिथे आठवडाभर ठेवू द्याल का, असं तिने विचारलं.

"आजवर माणसांचेच नमुने घेत आलेय," बाई म्हणाल्या. "याला कोपऱ्यात उभा कर. उपाशीपोटी आणलायस ना?"

आठवड्याने चौकसला बरोबर घेऊन झेबाने तो तानपुरा आबांपुढे आणून ठेवला. कुठून आणला ते सांगितलं नाही. आबांनी नाखुशीनेच तारेवर बोट ठेवलं आणि ती छेडली. तार गुंजली, गुंजत राहिली, आणि खोलीभर तो आवाज पसरला. आबांनी दुसरी छेडली, तिसरी छेडली. मग घोडीवर वाकून बघितलं.

"कुणी हात लावला ह्याला?"

"कुणीच नाही, आबा."

"खोटं नको बोलू. ह्यो आवाज आपोआप येत नसतोय."

मग झेबाने तांब्यापासून सगळं सांगितलं.  शेवटी आबांनी विचारलं, "एवढं दांडगं यंत्र बसवलं कुणाच्या सांगण्यावरनं?"

झेबाने चौकसकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला येत नव्हतं. 

"तुमच्या, आबा. तुम्ही आवाज नको म्हणाला होतात."

आबांनी डोळे मिटले. झेबाला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं. आबांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"चूक हाय म्हणतीस न्हवं? मग ती सुधारता येती, पोरी. कान गेला असता तर कुठनं आणणार होतो?"

दुसऱ्या दिवशी समिती बसली. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "अट माझी होती. माझ्या पायी सगळ्यांच्या वाद्यांत ओल शिरली. माझ्या तानपुऱ्यांचा आवाज बसतोय, म्हटलं कान गेला."

 मग मन्सूरचाचा हळूच म्हणाले, "माझ्या सितारींचंही तेच झालंय, चाचा. मला वाटलं माझा हात बिघडला." त्यांच्यामागून आणखी एक जण बोलला, मग आणखी एक. पावसाळाभर जो तो आपलीच विद्या गेली म्हणून आतल्या आत झुरत होता आणि चारचौघांत अब्रू जाईल म्हणून तोंड उघडत नव्हता. एक जण बोलला असता तर कोडं आषाढातच सुटलं असतं. पण विद्येचा अभिमान माणसाला गप्प बसवतो, त्याला कोण काय करणार!

यंत्र नव्याने निवडायला चौकस पुढे आला. या वेळी त्याचा पहिला प्रश्न होता, "इथे काय बनतं, आणि त्याला किती ओल सोसते?" आणि पुढे हे भवन सोडून ज्या ज्या इमारतीत तो गेला, तिथेही त्याने आधी हेच विचारलं.

त्याने मांडणी सांगितली. एका दांडग्या यंत्राच्या जागी दोन लहान. एक बारा महिने, दिवसरात्र मंद गतीने चालेल आणि ओल काढत राहील. दुसरं कडक उन्हाळ्यात मदतीला. हवेचे मार्ग रुंद करायचे, म्हणजे हवा सावकाश वाहील आणि सूं सूं करणार नाही. यंत्रांखाली रबरी गाद्या.

"तरीही बारीकसा आवाज राहील," तो म्हणाला. "आणि तो सतत राहील. हे मला आधीच सांगितलं पाहिजे."

सगळे आबांकडे बघू लागले.

"तो वर-खाली होणार काय?" आबांनी विचारलं.

"नाही. एकसारखा."

"मग राहू दे. मधेच सुरू, मधेच बंद, असल्या आवाजानं कान बावचळतोय. एकसारख्याला तो सरावतो. आणि अरे, आपण तानपुरे करणारी माणसं. सतत वाजणाऱ्या आवाजाशी आपलं वैर कसलं?"

नवी यंत्रं बसली. खोल्या कोरड्या व्हायला आणि लाकडाला ओल सोडायला थोडे दिवस गेले, आणि मग एका सकाळी सगळे कामाला आले. भादव्याची झड बाहेर लागलेली होती. वरून बारीक, एकसारखा गुणगुणाट येत होता. जुन्या सवयीने कारागीर घोडीवर कानस टेकवून थांबले. यंत्र बंद पडलं की हात चालवायचा, असं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. थोडा वेळ गेला. कुणीच हलेना.

आबांनी झेबाला जवळ बसवून घेतलं. तिच्या हातात कानस दिली आणि वरून आपला हात धरला.

"ते आता थांबायचं न्हाई रे!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "थांबलाय तुम्ही. चला, लागा कामाला."

आणि भवनभर कानशी चालू झाल्या.