तळघरातली सोंगटी

देवेशच्या अंधेरीच्या घरात हॉलला पंखा नव्हता. पंख्याच्या हुकाला त्याने प्रोजेक्टर उलटा टांगला होता. "आमच्याकडे वारा नाही, उजेड मिळतो," असं त्याची आई जानकीबाई येईल त्याला ऐकवायच्या. रविवारी दुपारी पडदे ओढले की पांढऱ्या सनमायकाच्या टेबलावर नकाशा उतरायचा. कधी किल्ला, कधी भुयार. देवेश गोष्ट सांगायचा. हर्षद, श्वेता आणि प्रज्योत त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, फासे टाकायचे, आपापली सोंगटी नकाशावर सरकवायचे. सोंगट्या जिथवर पोचतील तेवढाच भाग देवेश लॅपटॉपवरून उजळायचा, बाकी सगळा काळोख. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही.

प्रज्योत वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. त्याची सोंगटी म्हणजे घरच्या मासेमारीच्या जाळ्याला वजनासाठी बांधतात ते शिसं. लहानपणी होडीच्या दोरात अडकून त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं होतं. ते आखूड बोट नकाशातल्या भिंतींवरून फिरवत दारं शोधायची त्याला खोड, आणि त्याची सावली नेमकी सगळ्यांच्या वाटेवर.

"हात काढ रे, प्रज्योत," देवेश सारखा खेकसायचा.

एका रविवारी श्वेताला लवकर निघायचं होतं. प्रज्योतचा माणूस एकटाच नकाशातल्या तळघरात मागे राहिला होता. पाळी त्याचीच होती, पण 'तू काय करतोस?' असं विचारलं की हा गडी बोट फिरवत बसणार. देवेशने त्याला विचारलंच नाही. लॅपटॉपवर दाराच्या जागी सरळ भिंत ओढली.

"दार कोसळलं. तू आत. पुढच्या रविवारी काढतो तुला."

"वाट लावलीस यार माझी," प्रज्योत हसला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. कावीळ झाली होती. हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा आवाज अगदी बसलेला. "माझ्या माणसाला काढलंस ना रे?"

"आधी तू बरा हो. मग काढू," देवेश म्हणाला, आणि बाकीच्या दोघांना घेऊन खेळ नकाशातल्या किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर नेला.

प्रज्योत बरा झाला नाही.

शिसं टेबलावरच राहिलं. त्याला कुणी हात लावला नाही. जानकीबाईसुद्धा जेवताना ताटं त्याच्या बाजूने मांडायच्या. एक पाळी, एक प्रश्न, तेवढंही आपण प्रज्योतला दिलं नाही, हे देवेशला आत टोचत राहायचं.

पावसाळा सरल्यावर तिघं पुन्हा बसले ते फक्त त्याच्या माणसाला बाहेर काढायला. त्यानंतर खेळ कायमचा बंद, असं ठरलं होतं. देवेशने तळघर उजळलं. चार भिंती, मध्ये शिसं.

"श्वेता, तू काय करतेस?"

"मी बाहेरून त्याला हाक मारते."

"हर्षद?"

"मीपण. पण दार कुठाय?"

देवेश शिशाकडे वळला. "प्रज्योत, तू काय करतोस?"

वरती प्रोजेक्टरचा बारीक घूं घूं आवाज चालू होता.

टेबलावर एका हाताची सावली आली.

तिघांचेही हात मांडीवर होते.

सावलीचं पहिलं बोट आखूड होतं. ते शिशाकडे गेलं नाही. भिंतीला लागलं आणि सावकाश चाचपत निघालं. कोपरा. दुसरी भिंत. पुन्हा कोपरा.

"देवेश, दार काढ," श्वेता कुजबुजली. "काढ ना लवकर!"

देवेशने लॅपटॉपवर भिंत पुसली. चांगलं रुंद दार उघडलं, पलीकडे उजेड पडला. बोट दारापाशी आलं.

आणि तिथे भिंतच असल्यासारखं पुढे गेलं.

"इथे आहे दार, प्रज्योत! इथे बघ ना!" देवेश रडायला लागला. "चुकलं रे माझं." बैल गेल्यावर केलेला झोपा तो, बोट पुन्हा त्याच दारावरून तसंच पुढे गेलं.

हर्षदने उठून वायर उपटली. श्वेताने पडदे बाजूला सारले. दुपारचं ऊन थेट टेबलावर आलं. नकाशा गेला, भिंती गेल्या, तळघर गेलं.

पांढऱ्याशुभ्र सनमायकावर, शिशाच्या चारी बाजूंनी, ते आखूड बोट अजून दार शोधत होतं.